पडद्यामागची उर्दू

मला उर्दू येते, असं मी आयुष्यात एकदाच म्हणाले. शेजारी अंमलदारसाहेबांची बेगम बसली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुष्कळ गोष्टी ध्यानात न येणं हा त्या वयात माझा मोठा गुण होता. पंधरा वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि अख्ख्या दिंद्रुड गावात वाचता येणारी बाई मी एकटीच, अशी माझी पक्की समजूत होती. समजूत पक्की असली की माणूस विचारपूस करायच्या भानगडीत पडत नाही.

राज्य निजामाचं. कचेरीतला कागद उर्दूत, चावडीवर डकवलेला हुकूम उर्दूत. ते अक्षर उजवीकडून डावीकडे चालतं, एवढंच मला त्यातलं ठाऊक. म्हणून आपल्याला वाचता न येणारं काही दिसलं की ते उर्दू, हा माझा सरळ नियम होता.

मराठी वाचायला मला वडिलांनी घरी शिकवलं. सासरी येताना पेटीत लुगड्यांच्या खाली एक पाटी आणि दोन पुस्तकं घालून दिली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी पाटी फेकली नाही, पण मी ती घेऊन बसले की अशा बघायच्या, जणू मी माहेराहून मुंगूस आणून पाळलंय. गल्लीतल्या बायका त्यांना डिवचायच्या, "सून शिकली, चूल विझली, असं झाल्यावर मग रडू नका." आत्याबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. तरी वहाणेत खडा गेला की चालणारा कधीतरी थांबतोच. कधी थांबतील, ही मला धास्ती होती.

त्या वर्षी सुगी उरकल्यावर बाजाराच्या माळावर बायस्कोपवाल्यांचा तंबू पडला. पाच दिवस, पाच खेळ, रोज निराळा. माझी नात असल्या प्रकाराला फेस्टिव्हल म्हणते आणि गळ्यात पासाची पट्टी अडकवून पुण्यात मैत्रिणींबरोबर जाते. आमच्या गळ्यात बोरमाळ होती, एवढाच फरक. सिनेमा तेव्हा मुका. माणसं पडद्यावर नुसते ओठ हलवायची, आणि मग काळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं बोलणं उमटायचं.

"आत्याबाई, जाऊ का? सगळ्या चालल्यात," मी विचारलं.

"सगळ्या म्हंजे?"

"सोनाराची सून, धनगराची सून…"

"आन् तिथं जाऊन करतीस काय?"

"पडद्यावर लिहिलेलं असतं. मी वाचून सांगणार सगळ्यांना."

बोलले आणि फसले. आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"असं म्हणतीस? मग मी बी येते. मला वाचून दाखव. नीट वाचलंस, तर तुज्या पाटीला ह्या गल्लीत कोण नाव ठेवतंय ते मी बघते. न्हाई आलं, तर ती पाटी रांजणावर झाकायला लई बेस हाय. कवाच बघून ठेवलंय मी. बरूबर बसती."

म्हणजे त्यांनी पाटी रांजणावर ठेवून पाहिली होती! मला घाम फुटायला हवा होता. पण मी कसली! मला मराठी येत होती, पडद्यावर मराठी असते असं ऐकलं होतं, मग भ्यायचं कशाला?

दिवेलागणीला आम्ही चौघी निघालो. सोनाराची सून गावात सगळ्यात नटवी. कमरेला एक डबी खोचलेली, तिच्या झाकणात आरसा. दर वीस पावलांवर डबी उघडायची, कुंकू बघायची, मिटायची. धनगराची सून माझ्या वयाची, आमच्या मळ्याच्या कडेला त्यांची चार घरं होती. चालताना तिच्या हातात लोकर कातायची चाती फिरतच असायची. ती फार बोलायची नाही. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी तिला जरा भोळी समजत होते. हे लिहिताना आज माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

तंबूच्या दाराशी ही गर्दी. दारावरचा माणूस घसा ताणून ओरडत होता, "जनाना परदे के पीछे! परदे के पीछे जनाना!"

"काय म्हणतो गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बायकांनी पडद्यामागं बसायचं म्हणतो," मी म्हणाले. आणि समोर तंबूच्या मधोमध टांगलेला तो पांढराशुभ्र, भला मोठा पडदा मला दिसला. मी पुढं झाले. गर्दी कापत, कडेकडेनं, दोऱ्या ओलांडत सगळ्यांना त्या पडद्यामागं घेऊन गेले. तिथं चिटपाखरू नव्हतं. ऐसपैस जागा, वारा, आणि एका कोपऱ्यात पाण्याचं पिंप.

"बगा आत्याबाई, गडबड केली न्हाई तर कशी जागा मिळती!"

आत्याबाई पाय पसरून बसल्या. "हुशार हायस," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी इतक्या ठसक्यात चालले होते, की आमच्या मागोमाग पंधरा-वीस बायका आल्या. त्यांतच बुरखा घेतलेल्या बेगमसाहेब होत्या. दोन वर्षांपूर्वी अंमलदारसाहेबांची इकडं बदली झाली होती, पण बेगमेला आम्ही कुणी जवळून पाहिलं नव्हतं. बायकाच बायका बघून तिनं तोंडावरचा बुरखा वर टाकला आणि माझ्या शेजारी बसली. मी तिकडं पाहिलंसुद्धा नाही, माझं सगळं लक्ष पडद्याकडं.

इतक्यात पखाल घेऊन एक भिश्ती आला आणि त्यानं पडद्यावर सपासप पाणी मारलं. पडदा ओला असला की चित्र उजळ दिसतं, म्हणून ते मारतात. आम्हाला काय ठाऊक! खेळ देवाधर्माचा आहे असं ऐकलेलं. पाणी आमच्या अंगावर उडालं तशी मी हात जोडले, "तीर्थ! तीर्थ!" आत्याबाईंनी ओंजळ धरली, तीन वेळा प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला.

बेगम हसली. "माँजी, वो तो हमारे भिश्ती का पानी था."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. एकीनं तर तोंडाला पदर लावला. आत्याबाईंनी पदराच्या टोकानं ओठ पुसले.

"असू द्या," म्हणाल्या. "पडद्यातनं गाळून आलंय. आन् तहान लागलीच व्हती."

आत्याबाईंचं हे असं होतं. मी त्यांना भ्यायची, पण हे लिहिताना हात थांबतो आणि त्यांच्या पायांकडं जातो.

पेटी वाजली, तबला वाजला, आणि पडद्यावर माणसं हलायला लागली. एक राजा, एक राणी, दाढीवाला प्रधान. बायकांनी "अगं बया!" म्हणून एकमेकींचे दंड धरले. मग चित्र गेलं आणि अक्षरं आली.

मी तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. एक अक्षर ओळखीचं वाटेना. वर रेघ होती, खाली काहीतरी लोंबत होतं, पण काना भलतीकडं, वेलांटी भलतीकडं. ओळ सुरू होत होती ती उजव्या अंगाला आणि चालली होती डावीकडं.

"काय लिवलंय?" आत्याबाई म्हणाल्या.

"हे… हे उर्दू हाय, आत्याबाई."

"मग? येतंय का न्हाई?"

माझ्या डोळ्यांपुढं रांजण आला. रांजणावर पाटी.

"येती की! उर्दू बी येती मला."

शेजारून हळूच आवाज आला, "बेटी, ये उर्दू नक्को बोलो. उर्दू मेरेकू आती. ये तो तुम्हारी मराठी दिखरी."

मी वळून पाहिलं. शेजारी बेगम बसलीय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण आता माघार कुठली! "न्हाई बेगमसाहेब, मराठी मला येती. ही तुमचीच हाय."

"नक्को बाबा, हमारी नहीं."

"आमची तर न्हाईच."

अशी ती बिचारी लिपी आम्ही दोघींनी एकमेकींच्या पदरात टाकली, आणि तेवढ्यात अक्षरं निघूनही गेली. राणी ढसाढसा रडत होती.

"काय झालं गं तिला?" आत्याबाई.

मग मी पापाचा रस्ता धरला. मनानंच सांगायला लागले. "राजा म्हणतोय, पंचमी आली, माहेराला जाऊन ये."

"माहेरी जाताना येवढं रडती?"

"सासू चांगली असंल."

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं वळून पाहिलं. पडद्यावर शिपाई आले, तलवारी उपसलेल्या.

"हे कावून?"

"वाटंत लांडगे असतात ना."

मग रान आलं, काटेकुटे आले, राणी एकटीच एका दगडावर बसली. तिच्या भोवती कुणी नाही.

"हेच का माहेर?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात काय होतं ते मला ओळखता आलं नाही. अजून निम्मा खेळ बाकी होता, आणि घरी पाटी रांजणाच्या शेजारीच भिंतीला टेकून उभी होती.

पडद्यावर राजा जेवायला बसला. आणि बायकांत खळबळ उडाली. राजा डाव्या हातानं जेवत होता!

"शी! राजा असून!" सोनाराची सून म्हणाली आणि तिनं घाईनं आपली डबी उघडून कुंकू बघितलं, जणू काही विटाळ झाला.

"मुंबईची फॅशन असंल," मी म्हणाले. म्हणाले खरं.

धनगराची सून इतका वेळ चातीला हात न लावता पडद्याकडं बघत होती. ती माझ्या कानाशी आली.

"राजा डावखुरा असंल, मानलं. पर प्रधान बी डाव्या हातानं मुजरा करतोय. साधूनं डाव्या हातानं आशीर्वाद दिला. राणीचा पदर उजव्या खांद्यावर. शिपायाची तलवार डाव्या हातात. कळपात एक मेंढरू डावीकडं वळतं, दोन वळत्यात. समदाच कळप वळला, तर खोट मेंढरात नसती गं."

"मग कशात?"

"पडदाच डावखुरा हाय."

एवढं बोलून ती उठली, दोरीखालून वाकून पलीकडं गेली. पाच-सात मिनिटांत परत आली ती पदरात तोंड लपवून, खांदे हलत होते.

"अगं बाई माजे! पुढं कडंला कापडाची कनात लावलीय. समद्या बायका तिच्यामागं बसल्यात. परदा म्हंजी ती! तू आमाला सिनेमाच्याच पडद्यामागं आणून बसवलंस. तिकडं राजा उजव्या हातानं जेवतोय. एक गडी वाचून दावतोय बापय माणसांना, पेटी-तबल्यापायी हिकडं ऐकू येईना. तुजी उर्दू तिकडं मराठी हाय."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी पाटीसकट आत जावं. कनातीकडं जायचं म्हटलं तर तिथं मुंगीला जागा नव्हती, असं तीच म्हणाली. आणि आत्याबाई एकदा बसल्या की उठणाऱ्यातल्या नव्हत्या.

धनगराची सून मात्र गप्प बसली नव्हती. ती सोनाराच्या सुनेकडं बघत होती. डावखुरा राजा बघवेना म्हणून सोनाराच्या सुनेनं पडद्याकडं पाठ फिरवून पुन्हा डबी उघडली होती. आरशात तिचं कुंकू, आणि कुंकवाच्या वर, इवलासा, मागचा पडदा. धनगराची सून तिच्या खांद्यावरून वाकली.

"हाय की हितं," ती म्हणाली. "आरशात प्रधान उजव्या हातानं मुजरा करतोय. आण ती डबी."

"माझी डबी? कशाला?"

"आण म्हणते ना. तुजं कुंकू कुटं पळत न्हाई."

तिनं डबी काढून घेऊन माझ्या हातात दिली, माझे खांदे धरले आणि मला पडद्याकडं पाठ करून बसवलं. "आता आरशात बग."

मी डोळ्यांसमोर आरसा धरला. आणि त्या वाटोळ्या काचेत, तीळ पेरल्यासारखी, पण सरळ, सुलटी, माझी सगळी मराठी मला भेटली. वडिलांनी गिरवून घेतलेला 'क', त्याचा डोळा जागच्या जागी. मला रडू आलं. धनगराची सून म्हणाली, "रडू नगं, काच धुरकटती."

तेव्हा मी आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, इतका वेळ मी खोटं सांगत व्हते. मला ते वाचता येत नव्हतं. आता येतंय."

आत्याबाईंनी माझ्याकडं, आरशाकडं, आणि पाठीमागच्या पडद्याकडं पाहिलं.

"मला कवाच कळलं. सासू चांगली म्हणून कोण रडतंय गं? आता खरं वाच. मोठ्यानं. ह्या बेगमसाहेबांना बी कळू दे."

आणि मी वाचलं. पडद्याकडं पाठ, तोंडासमोर डबी, सगळ्या बायका माझ्याकडं तोंड करून. राजा आता प्रधानाला सांगत होता तो राणी नको त्या माणसाशी बोलल्याचा आळ, राजाचा राग, रानात झालेलं पोर, सगळं. हात भरून आला की धनगराची सून मनगटाला आधार द्यायची. मला चित्र दिसतच नव्हतं, फक्त अक्षरं. चित्र मला बायकांच्या तोंडांवर दिसत होतं. त्या मागं सरकल्या की समजायचं वाघ आला, ओठ दाबले की पोर आजारी पडलं. असा सिनेमा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

शेवटी, बारा वर्षांनी, राजा रानात आला. बायका पुढं झुकल्या. अक्षरं उमटली.

"काय म्हणाला?" बेगमेनं विचारलं.

"राणी, मी चुकलो. घरी चल."

"बस? इतनाच?"

"एवढंच."

"बारा वर्सांनी येवढंच?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "पुन्ना वाच."

अक्षरं गेली होती, तरी मी पुन्हा म्हणाले, "मी चुकलो. घरी चल." आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांना असं कुणी कधी म्हणालं होतं का, ते मी विचारलं नाही. मी वाचाळ होते, पण तेवढी अक्कल होती.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर रांजणाशेजारची पाटी उचलून माझ्या पेटीवर ठेवली. सकाळी गल्लीत कुणीतरी सुनेच्या शिकण्यावर तोंड उघडलं, तेव्हा म्हणाल्या, "तुजी सून सुलटं तरी वाचती का? माजी पाठमोरी वाचती."

उरलेले चार दिवस आम्ही मुद्दाम पडद्यामागंच बसलो. कनातीतल्या निम्म्या बायका आमच्याकडं आल्या. दुसऱ्या दिवशी बेगमेनं घरून परातीएवढा आरसा आणवला. ती त्याच्या एका कडेला, धनगराची सून दुसऱ्या कडेला, आणि मधे मी. पाच दिवस, पाच खेळ, आणि त्यांतला एकही मी सरळ बघितला नाही.

तिसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी धनगराची सून म्हणाली, "काल ते गाठीसारखं अक्षर चारदा आलं. काय म्हणत्यात त्याला?"

"तो 'क'."

"मला शिकीव."

मी तिला भोळी समजत होते! इतके दिवस तिच्या शेजारी चालून मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला शिकायचंय का म्हणून. पडदा कळला तो तिला, आरसा सुचला तो तिला, माझी पाटी वाचवली ती तिनं. मी फक्त वाचून दाखवलं, आणि शाबासकी मात्र सगळी माझ्या वाट्याला आली.

दुपारी ती आमच्या पडवीत यायची. आत्याबाईच पाटी आणून मधे ठेवायच्या. मी अलीकडं बसायची, ती पलीकडं, माझ्यासमोर, हातात चाती. मी गिरवायची, ती बघायची. वर्षभरात तिला घडाघडा वाचता यायला लागलं. तोवर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. पुष्कळ गोष्टी ध्यानात न येण्याची खोड गेली नव्हती ना! ती समोरून बघून शिकली होती, म्हणून तिला अक्षरं ओळखू यायची ती फक्त खाली डोकं वर पाय. पुस्तक हातात दिलं की ती आधी ते उलटं करायची आणि मग माझ्यापेक्षा भरभर वाचायची. सुलटं करून शिकवायला गेले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बसली तशी बसली."

पुढं तिचा मुलगा परगावी गेला, पत्रं यायला लागली. पत्र घेऊन ती माझ्याच ओट्यावर येऊन वाचायची, माझ्याकडं तोंड करून, पत्र उलटं धरून. पंचाहत्तरीतही चश्म्याशिवाय. त्या पहिल्या पत्रांच्या दिवसांत एकदा माझी नवी सून चहा घेऊन बाहेर आली, तिनं ते पाहिलं, आणि भीत भीत म्हणाली, "मावशी, पत्र उलटं धरलंय तुम्ही."

धनगराच्या सुनेनं पत्रावरची नजर काढली नाही.

"उलटं न्हाई गं बाई," ती म्हणाली. "ही उर्दू हाय. तुज्या सासूला इच्यार, तिला चांगली येती."